रात्रीच्या अरण्याचे छायाचित्रकार : जॉर्ज शायरस

शिकार हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें बंदूक उभी राहते. शिकारी रानांत जातो, दबा धरून बसतो, नेम धरतो, बार उडतो आणि जनावर पडतें. परंतु या साऱ्या खटाटोपांतून शेवटचें तें जनावर पडणें तेवढें वगळलें, तरी धैर्य, चिकाटी, सूक्ष्म अवलोकन आणि मनोनिग्रह हे शिकाऱ्याचे सर्व गुण जसेच्या तसे शिल्लक राहतात. ही गोष्ट एका अमेरिकन वकिलानें स्वतःच्या आचरणानें सिद्ध करून दाखविली. त्यांचें नांव जॉर्ज शायरस. आजोबा आणि वडील यांचेंही नांव जॉर्जच असल्यामुळें ते जॉर्ज शायरस तिसरे म्हणून ओळखले जातात. थंड व निर्जन अरण्यांत, काळोख्या रात्रीं, वन्य पशूंचीं छायाचित्रें घेण्याच्या विद्येचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात. ज्यांच्या हातांत आज बटण दाबतांच चित्र देणारीं यंत्रें आहेत, अशा आमच्या विद्यार्थिमित्रांना हें चरित्र उद्बोधक वाटेल या आशेनें तें येथें थोडक्यांत देत आहों.

शायरस यांचा जन्म १ जानेवारी १८५९ रोजीं पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत, पिट्सबर्ग शहराला लागून असलेल्या अ‍ॅलेघेनी या गांवीं झाला. घराणें कायदेपंडितांचें होतें. वडील नामांकित वकील असून पुढें १८९२ पासून १९०३ पर्यंत ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. मुलानेंही तोच मार्ग धरला. १८८१ सालीं कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन १८८३ सालीं त्यांनीं येल येथें कायद्याचें शिक्षण पुरें केलें आणि पिट्सबर्ग येथें वकिली सुरू केली. केवळ एवढेंच त्यांचें आयुष्य असतें, तर सुखवस्तु वकिलांच्या यादींत आणखी एक नांव, यापलीकडे त्यांची आठवण उरली नसती. परंतु त्यांच्या आयुष्याचा दुसरा प्रवाह याहून बराच आधीं, वयाच्या अकराव्या वर्षींच, सुरू झाला होता.

उत्तर अमेरिकेंत सुपीरिअर नांवाचें एक अफाट सरोवर आहे. पृष्ठभागाच्या विस्तारानें पाहिलें, तर गोड्या पाण्याचें एवढें मोठें सरोवर पृथ्वीवर दुसरें नाहीं. त्याच्या दक्षिण तीरावर, मिशिगन संस्थानांत, मार्क्वेट हें गांव वसलें आहे. हा मुलूख थंडीचा. हिवाळा लांबलचक, बर्फाचे ढीगच्या ढीग, लहान तळीं गोठून दगडासारखीं कठीण होतात. उन्हाळा आला कीं डांसांचे थवे. सूचिपर्णी वृक्षांचीं दाट रानें आणि त्यांत लपलेलीं असंख्य तळीं. शायरस घराण्याची मंडळी मासे धरण्याच्या निमित्तानें या बाजूस येत असे. १८७० सालीं बाल जॉर्जही त्यांच्याबरोबर आला, आणि मार्क्वेटच्या पूर्वेस सुमारें २० मैलांवर असलेलें व्हाइटफिश नांवाचें लहानसें सरोवर त्यानें पाहिलें. त्या सरोवरानें त्याला जें वेड लावलें तें जन्मभर उतरलें नाहीं. पुढें १८८५ सालीं त्यांचा विवाहही मार्क्वेटचे एक प्रमुख गृहस्थ पीटर व्हाइट यांच्या कन्या फ्रान्सेस यांच्याशीं झाला, व त्यामुळें हा संबंध अधिकच दृढ झाला.

त्या काळच्या रीतीप्रमाणें या मुलाच्या हातीं बंदूक आली व तो उत्तम शिकारी बनला. त्या रानांत राहणाऱ्या ओजिब्वा लोकांची शिकारीची एक जुनी युक्ति होती. रात्रीं हरणें चरावयास व पाण्यांतील वनस्पति खावयास सरोवराच्या कांठीं येतात. शिकारी होडीच्या पुढच्या टोंकास एका पात्रांत विस्तव पेटवून ठेवीत आणि आपण त्याच्या मागें, अंधारांत, दडून बसत. होडी आवाज न करितां पुढें सरके. हरणाची नजर त्या उजेडावर खिळून राही व तें पळून जाण्याचें विसरून जाई. हरणाच्या डोळ्यांत आंतल्या बाजूस आरशासारखा एक पडदा असतो. त्यावरून उजेड परत फिरतो, आणि म्हणून काळोखांत दोन निखारे पेटल्यासारखे त्याचे डोळे चमकूं लागतात. त्या दोन निखाऱ्यांच्या रोखानें गोळी सोडली कीं शिकार साधली. आपल्याकडेही रात्रीं बत्तीचा झोत टाकून ससे व हरणें मारण्याचा प्रघात होता, हें खेड्यांतील पालकांना सांगावयास नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशा शिकारीला आतां पूर्ण बंदी आहे. शायरस यांनीं विस्तवाच्या जागीं दिवा वापरून ही विद्या हस्तगत केली होती.

परंतु वयाबरोबर त्यांच्या मनांत एक विचार घर करूं लागला. सबंध दिवस माग काढावा, अर्धी रात्र थंडींत बसावें, आणि ज्याच्यासाठीं हें सारें केलें तें सुंदर जनावर एका क्षणांत निर्जीव करून टाकावें, यांत मिळविलें काय? जनावर एकदां मेलें कीं त्याच्यापासून नवीन शिकण्यासारखें फारसें उरत नाहीं. १८८९ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, त्यांनीं व्हाइटफिश सरोवरावर बंदुकीऐवजीं कॅमेरा नेण्यास आरंभ केला.

हें काम बोलण्याइतकें सोपें नव्हतें. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे एक अवजड पेटी. चित्र उमटे तें कांचेच्या पट्टीवर, आणि ती पट्टी आजच्या मानानें फारच मंद असे. बंदुकीची गोळी लांबच्या हरणास गांठते, परंतु कॅमेऱ्याला तें हरिण अगदीं जवळ यावें लागतें. शिवाय तें स्थिर असावें आणि ऊनही भरपूर असावें. भित्र्या जनावरापाशीं या सर्व गोष्टी एकदम जुळून येणें दुर्मिळ. म्हणून शायरस यांनीं जनावराच्या वाटेवर कॅमेरा लपवून ठेवावा, त्याच्या झडपेला लांब दोरी बांधावी, आणि आपण दूर दबा धरून बसून योग्य क्षणीं ती ओढावी, असा प्रयोग आरंभिला. हा उपाय दिवसा चाले. पण रानांतील बहुतेक प्राणी खरे जागे होतात ते रात्रीं. जो मनुष्य केवळ दिवसाचें रान पाहतो, त्यानें अर्धेंही रान पाहिलें नाहीं, हें ते जुन्या अनुभवावरून जाणून होते. मग जी युक्ति हरणाचा प्राण घेण्यास उपयोगीं पडते, तीच त्याचें चित्र घेण्यास कां पडूं नये?

अडचण होती ती उजेडाची. दिव्याच्या उजेडांत डोळे चमकतात, परंतु त्या उजेडानें कांचेच्या पट्टीवर चित्र उठत नाहीं. मॅग्नेशियम धातूची भुकटी जाळली असतां डोळे दिपविणारा पांढरा प्रकाश पडतो, हें त्या काळीं ठाऊक झालें होतें. आरंभीं ही भुकटी स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतींत फुंकून जाळीत. पुढें तिच्यांत दुसरीं द्रव्यें मिसळून बंदुकीच्या दारूसारखी एकदम भडकणारी पूड तयार करण्यांत आली. ही पूड प्रकाश चांगला देई, परंतु ती मोठी धोक्याची होती. थोडी चूक झाली तर हात भाजावयाचा, अथवा डोळाही जावयाचा. दंवानें ती दमट झाली तर ऐन वेळीं पेट घेईल कीं नाहीं याचा नेम नसे. प्रयत्न फसला तर दुसरी संधि नाहीं, कारण त्या लखलखाटानें व आवाजानें जनावर केव्हांच पसार झालेलें असे. अशा फसलेल्या रात्री शायरस यांच्या वांट्यास पुष्कळ आल्या. परंतु त्यांनीं नाद सोडला नाहीं.

१८९३ सालचें एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे. त्यांत शायरस आणि त्यांचा सहायक जॉन हॅमर हे होडींत बसलेले दिसतात. पुढच्या टोंकास दिवा व कॅमेरे, त्यांच्या मागें शायरस, आणि मागच्या टोंकास वल्हें घेतलेला हॅमर. या एका चित्रावरून त्यांच्या रात्रींच्या मोहिमेची कल्पना येते. वल्हें पाण्याबाहेर काढावयाचें नाहीं, कारण थेंब पडला तरी तो रानांत ऐकूं जातो. बोलावयाचें नाहीं, खोकावयाचें नाहीं. कांठाच्या काळोखांत दोन ठिपके चमकले कीं होडी त्यांच्याकडे वळवावयाची. अंधारांत भिंग जुळवितां येत नाहीं, म्हणून तें विवक्षित अंतरासाठीं आधींच जुळवून ठेवावयाचें आणि होडी नेमकी तेवढ्या अंतरावर आणावयाची. ती तेथें आली कीं झडप उघडावयाची आणि पूड पेटवावयाची. क्षणभर सारें सरोवर दिवसासारखें उजळे. दुसऱ्याच क्षणीं पूर्वीपेक्षांही गडद अंधार, आणि त्या अंधारांत झाडींतून दौडत जाणाऱ्या खुरांचा आवाज. चित्र मिळालें कीं नाहीं हें कांच धुतल्यावांचून कळावयाचें नाहीं. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. शायरस यांचें नांव जगभर झालें, परंतु त्यांच्या विद्येचा पाया ओजिब्वा लोकांनीं घातला होता, आणि वल्हें चालविणाऱ्या हातांवांचून एकही चित्र मिळालें नसतें.

पुढें त्यांनीं याहूनही चतुर योजना केली. जनावराच्या नेहमींच्या वाटेवर एक बारीक तार अथवा दोरी ताणून ठेवावयाची व ती कॅमेऱ्याला आणि प्रकाशाच्या पुडीला जोडावयाची. किंवा दोरीच्या टोंकास खाद्य बांधावयाचें. जनावराचा पाय दोरीस लागला, किंवा त्यानें खाद्य ओढलें, कीं झडप उघडून पूड पेटे. अशा रीतीनें छायाचित्रकार तंबूंत झोंपलेला असतांना रानांतील प्राणी स्वतःचेंच चित्र काढून घेऊं लागले! रॅकून, साळिंदर, बीव्हर अशा लहानमोठ्या प्राण्यांच्या रात्रींच्या हालचाली या उपायानें मनुष्यास दिसूं लागल्या. कांहीं वेळां त्यांनीं दोन कॅमेरे असे मांडले, कीं पहिल्यानें शांतपणें चरणारें हरिण टिपावें, आणि लागलीच दुसऱ्यानें भयानें उसळी मारणारें हरिण टिपावें. हीं दुसरीं चित्रें पाहतांना आमच्या मनांत कौतुकाबरोबर थोडी हळहळही उत्पन्न होते. या शिकारींत जनावर मरत नसे, हें खरें. परंतु तें घाबरत असे, हेंही खरें. गोळीच्या जागीं एका क्षणाची भीति, एवढा सौदा शायरस यांनीं केला होता. बंदुकीच्या मानानें तो फारच दयाळू होता, यांत संशय नाहीं.

त्यांच्या सर्व चित्रांत आम्हांस अधिक आवडतें तें कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांतल्या लून सरोवरावर १९०२ सालीं घेतलेलें. लिंक्स नांवाचें दाट केंसांचें मोठें रानमांजर पाण्याच्या कांठीं बसलें आहे; मागें गडद काळोख, पुढें निश्चल पाणी, आणि त्या पाण्यांत त्याचें स्वच्छ प्रतिबिंब. मनुष्यानें तें दृश्य त्यापूर्वीं तसें कधीं पाहिलें नव्हतें. १९०० सालीं पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत त्यांच्या रात्रीच्या चित्रमालिकेस सुवर्णपदक मिळालें, आणि १९०४ सालीं सेंट लुई येथील प्रदर्शनांतही सर्वोच्च बक्षीस मिळालें.

१९०६ सालीं आपल्या चित्रांचा संग्रह घेऊन ते नॅशनल जिऑग्राफिक मासिकाचे संपादक गिल्बर्ट ग्रोव्हनर यांच्याकडे गेले. ग्रोव्हनर यांनीं त्यांतील ७४ चित्रें निवडून जुलैच्या अंकांत शायरस यांच्या लेखासह छापलीं. हें मासिक तोंपर्यंत विद्वानांसाठीं चालविलें जाई. त्यामुळें संस्थेच्या संचालकांपैकीं दोघांना राग आला; शास्त्रीय मासिकाचें चित्रांचें पुस्तक होऊं लागलें अशी तक्रार करून त्यांनीं राजीनामे दिले. परंतु वाचकांनीं निकाल दिला तो संपादकाच्या बाजूनें. आज त्या मासिकाचें नांव काढतांच प्रथम चित्रेंच आठवतात. त्या परंपरेचा पाया घालणाऱ्यांत शायरस यांची गणना होते. १९११ सालीं तेच या संस्थेचे एक संचालक झाले. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः शिकारी होते. त्यांनींही हा लेख वाचून शायरस यांना मोठा ग्रंथ लिहिण्याचा आग्रह केला.

आतां त्यांच्या चरित्रांतील दुसऱ्या, आणि आमच्या मतें अधिक मोठ्या, कार्याकडे वळूं. शायरस १९०३ पासून १९०५ पर्यंत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद होते. त्या काळीं त्यांच्या देशांत पक्ष्यांचा भयंकर संहार चालला होता. प्रवासी पारवे म्हणून प्रसिद्ध असलेले पक्षी एके काळीं आकाश झांकून टाकतील एवढे होते. १८७८ सालीं मिशिगनमध्येंच पेटोस्की येथें त्यांची अफाट वसाहत भरली असतां शिकाऱ्यांनीं व व्यापाऱ्यांनीं त्यांची कत्तल केली. आणि १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिन्सिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत त्या जातीचा शेवटचा पक्षी मरण पावला. बदकें, हंस वगैरे पक्षीही त्याच वाटेनें जाऊं लागले होते. कायदे नव्हते असें नाहीं. परंतु प्रत्येक संस्थानाचा कायदा वेगळा. पक्षी हिवाळ्यांत दक्षिणेस जातात व उन्हाळ्यांत उत्तरेस परततात. आपल्याकडे हिमालयापलीकडून चक्रवाक हिवाळ्यांत येतात, तसेंच हें. एका संस्थानानें पक्षी राखावे आणि पुढच्यानें ते मारावे, असें झाल्यावर राखणाऱ्याचा उत्साह किती दिवस टिकणार? ज्याला सीमा ठाऊक नाहीं त्या पक्ष्याचें रक्षण सीमेच्या आंतला कायदा करूं शकत नाहीं, हें शायरस यांच्यांतील वकिलानें आणि अरण्यप्रेमी पुरुषानें एकदमच ओळखलें. डिसेंबर १९०४ मध्यें त्यांनीं अशा पक्ष्यांचें रक्षण मध्यवर्ती सरकारनें करावें असें विधेयक मांडलें. तशा प्रकारचें तें पहिलेंच होतें.

तें विधेयक मंजूर झालें नाहीं. त्यांची मुदतही लवकरच संपली, आणि त्यांनीं पुन्हां निवडणूक लढविली नाहीं. परंतु पेरलेलें बीं फुकट गेलें नाहीं. इतरांनीं तो विषय पुढें चालविला व १९१३ सालीं त्याच तत्त्वावर कायदा झाला. खालच्या न्यायालयांनीं तो घटनेविरुद्ध ठरविला, तेव्हां १९१६ सालीं कॅनडाच्या वतीनें ब्रिटनशीं तह करण्यांत आला आणि १९१८ सालीं त्या तहाच्या आधारानें नवा कायदा करण्यांत आला. मिझूरी संस्थानानें त्यालाही आव्हान दिलें. परंतु १९२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा उचलून धरला. ज्या न्यायासनावर एके काळीं वडील बसले होते, त्याच न्यायालयाच्या निर्णयानें मुलाच्या सोळा वर्षांपूर्वींच्या कल्पनेवर शिक्कामोर्तब झालें. आणि वयोवृद्ध वडील तें पाहावयास हयात होते.

राजकारण सुटल्यावर शायरस पुन्हां रानाकडे वळले. न्यूफाउंडलंडमध्यें त्यांनीं कॅरिबू जातीच्या हरणांचीं चित्रें घेतलीं. १९११ सालीं ते अलास्कांतील केनाय द्वीपकल्पांत पांढऱ्या रानमेंढ्या आणि प्रचंड मूस यांच्या मागावर गेले. मूस म्हणजे आपल्या सांबराहून कितीतरी मोठा, पसरट शिंगांचा प्राणी. यलोस्टोनच्या आग्नेय भागांतील दुर्गम दऱ्यांत हिंडत असतां तेथील मूस इतरांपासून कांहींसे निराळे आहेत असें त्यांच्या ध्यानांत आलें. एडवर्ड नेल्सन या शास्त्रज्ञानें १९१४ सालीं त्यांचें शास्त्रीय वर्णन करून त्या उपजातीस शायरस यांचें नांव दिलें. ज्यानें बंदूक ठेवून दिली, त्याचें नांव अशा रीतीनें एका जिवंत प्राण्याला चिकटलें.

१९२८ सालीं त्यांनीं आपल्या सुमारें २,४०० कांचेच्या पट्ट्या नॅशनल जिऑग्राफिक संस्थेस अर्पण केल्या. रूझवेल्ट यांनीं सुचविलेला ग्रंथ जवळजवळ तीस वर्षांनीं, १९३५ सालीं, दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्या वेळीं लेखकाचें वय शहात्तर होतें. २४ मार्च १९४२ रोजीं, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षीं, मार्क्वेट येथेंच त्यांचा अंत झाला.

त्यांची विद्या मात्र त्यांच्याबरोबर गेली नाहीं. आपल्या देशांत संयुक्त प्रांताच्या जंगलखात्यांतील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनीं वाटेवर तार ताणून रात्रीं वाघांचीं छायाचित्रें घेतलीं व १९२७ सालीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. आज मेळघाट व ताडोबा येथील रानांत झाडांना बांधलेले स्वयंचलित कॅमेरे वाघांची गणना करण्यास साह्य करतात, आणि हिमालयांतील बर्फाळ खिंडींत तेच हिमबिबट्याची वार्ता आणतात. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असल्यामुळें चित्रावरून तो वाघ ओळखतां येतो. अशा कॅमेऱ्यांपैकीं कांहीं जो प्रकाश टाकतात तो जनावराच्या डोळ्यांस फारच कमी दिसतो, म्हणून शायरस यांच्या हरणानें मारली तशी उसळी मारण्याचें त्यांच्यापुढें त्याला फारसें कारण उरत नाहीं. वाटेवरच्या दोरीपासून निघालेली कल्पना येथवर येऊन पोहोंचली आहे.

विद्यार्थिमित्रांनो, शायरस यांनीं आपली आवड टाकून दिली नाहीं; तिला वेगळें वळण दिलें. रान तेंच, रात्र तीच, थंडी तीच, होडीही तीच; केवळ हातांतील वस्तु बदलली. ज्या कौशल्यानें आपण दुसऱ्यास दुखवितों, त्याच कौशल्याचा उपयोग त्यास समजून घेण्यासाठीं व राखण्यासाठीं करतां येईल काय, असा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारण्यासारखा आहे. आपल्या गांवच्या तळ्यावर या हिवाळ्यांत पाहुणे पक्षी उतरतील. गलोल घरीं ठेवून एक वही बरोबर घ्यावी, पालकांनींही मुलांसोबत जावें, आणि कोणता पक्षी कोणत्या दिवशीं आला याची नोंद करावी. पुढील वर्षीच्या अंकासाठीं अशा नोंदी आमच्याकडे आल्या, तर त्या आम्ही आनंदानें छापूं.